सायलेन्सरसकट वजन सांगा

आपल्या मेकॅनिकल डिपार्टमेंटमध्ये काही गोष्टी ऋतूंसारख्या न चुकता येतात. पावसाळ्यात ड्रॉइंग हॉलचं गळकं छत, निकालानंतर केटीच्या फॉर्मची रांग आणि टीईच्या सेमिनारला वँकेल इंजिन. दरवर्षी कोणीतरी एकजण तो फुगीर त्रिकोण पडद्यावर गरागरा फिरवतो. "सर, यात व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, हलणारे मुख्य भाग फक्त तीन, दोन रोटर आणि एक शाफ्ट" असं सांगतो. वजन कमी, कंपन कमी, ताकद जास्त हा पाढा वाचतो, शेवटच्या स्लाइडवर एका छोट्या विमानाचा फोटो टाकतो आणि "थँक यू" म्हणून खाली बसतो. सर विचारतात, "एनी क्वेश्चन्स?" मागच्या बाकावरून कोणी विचारत नाही, की बाबा रे, या विमानाचा धूर जातो कुठून आणि जाताना काय काय जाळतो?

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की "रोटरी इंजिन हलकं असतं" हे अर्धं वाक्य आहे. एक्झॉस्टचे पाइप, त्यांचे सांधे, सायलेन्सर, उष्णता अडवणारे पत्रे आणि हे सगळं धरून ठेवणारे ब्रॅकेट तराजूत टाकल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. आणि आपण कॉलेजात वर्षानुवर्षं अर्धंच वाक्य पाठ करतोय.

आधी एक घोळ निस्तरतो, कारण व्हायवाला यावर हमखास गोंधळ होतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही "रोटरी" इंजिनं होती, पण ती वेगळी. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का आणि सिलिंडरांचा अख्खा गोल पंख्याबरोबर गरगर फिरायचा. धूर थेट बाहेर हवेत, आणि त्याबरोबर एरंडेलाचे शिंतोडे वैमानिकाच्या तोंडावर. मी बोलतोय ते फेलिक्स वँकेल या जर्मन गृहस्थांचं इंजिन, जे एनएसयू कंपनीने १९६४ साली पहिल्यांदा विकाऊ मोटारीत घातलं आणि पुढे जपानच्या माझदाने १९६७ च्या कॉस्मोपासून चिकाटीने चालवलं. त्यातलं घरी विमान बांधणाऱ्यांचं लाडकं म्हणजे १३-बी. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८ सीसी. आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमध्ये ते असायचं.

घरी विमान बांधणं ही अमेरिकेत चांगली रुळलेली गोष्ट आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली आणि आज विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात त्यांची जत्रा भरते. तिथला नियम असा, की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः केलेलं असेल तर त्याला वेगळ्या वर्गात परवानगी मिळते. विमानावर "एक्स्पेरिमेंटल" हा शब्द लिहावा लागतो. प्रमाणित नसलेलं इंजिन लावलं तर सुरुवातीला साधारण ४० तास नेमून दिलेल्या भागातच चाचणीची उड्डाणं करायची. विमानाची नवीन प्रमाणित इंजिनं भयंकर महाग. मग लोक भंगारातल्या मोटारीकडे वळतात, आणि तिथे आरएक्स-७ चं इंजिन त्यांच्याकडे बघून हसत असतं.

आपल्याकडेही हे वेड अगदीच परकं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. ते विमान रोटरीचं नाही. पण मराठी माणूस गच्चीवर विमान बांधू शकतो, एवढं त्यातून कळलं. तेव्हा उद्या आपल्याच हॉस्टेलमधलं कोणी १३-बी विकत घेऊन आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. वॉर्डन सरांना वाटेल.

आता मुद्द्यावर. एकच इंजिन, पण मोटारीत आणि विमानात त्याचं आयुष्य फार वेगळं असतं. सपाट हायवेला नव्वदच्या वेगाने गाडी चालते तेव्हा इंजिन वीस-पंचवीस हॉर्सपॉवर देत असतं. पाय दाबला तर दहा सेकंद पूर्ण ताकद, मग पुढे ट्रक येतो आणि आपण पाय उचलतो. विमानाला हे सुख नाही. उड्डाणाला पूर्ण ताकद, वर चढेपर्यंत तीच, आणि मग तासन् तास ताकदीच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के. म्हणजे गाडीच्या सायलेन्सरला जी शिक्षा वर्षभरात थोडी थोडी मिळते ती इथे एका दुपारी सलग मिळते. "मोटारीत दहा वर्षं टिकला हो तो" या वाक्याला म्हणूनच विमानाच्या शेडमध्ये काही किंमत नाही.

त्यात रोटरीचा धूर साध्या इंजिनापेक्षा तापट. पिस्टनच्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, वायू वाटेत व्हॉल्व्हला, हेडला आणि पाण्याला थोडी उष्णता देऊन मग बाहेर पडतो. १३-बी मध्ये एक्झॉस्टचं भोक हाउसिंगच्या कडेला आहे. रोटरच्या टोकाची पट्टी, म्हणजे एपेक्स सील, त्या भोकावरून सरकली की दार एकदम सताड उघडतं. आतला दाबलेला वायू बंदुकीच्या बारासारखा बाहेर फुटतो. शिवाय ज्वलनाची जागा लांबट, चपटी आणि सतत सरकणारी. भिंतीलगतचं मिश्रण पूर्ण जळत नाही, आणि उरलंसुरलं पाइपमध्ये जाऊन जळतं. विमानाच्या साध्या पिस्टन इंजिनाच्या धुराचं तापमान ७५०-८०० अंश सेल्सियसच्या घरात असतं. रोटरीचं ९०० च्या आसपास, कधी त्याहून वर.

या उष्णतेचा माझदाने एकदा चतुराईने उपयोगही करून घेतला होता. १९७० च्या दशकात अमेरिकेने प्रदूषणाचे नियम कडक केले तेव्हा त्यांनी एक्झॉस्टला थर्मल रिअॅक्टर नावाचं जाड डबडं लावलं. धूर इतका गरम आणि त्यात न जळलेलं इंधन इतकं, की वरून थोडी हवा सोडली की ते डब्यातच जळून जायचं. नियम पाळले गेले. पेट्रोल मात्र फार प्यायचं, आणि १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. मला यात गंमत ही वाटते, की जे डबडं गाडीत "भट्टी" म्हणून मुद्दाम बसवलं, तीच भट्टी विमानवाल्याला नको असताना फुकट मिळते.

आता जरा आकडेमोड, कॅल्क्युलेटर काढा. रोटरीत शाफ्टच्या एका फेरीला प्रत्येक रोटरचा एक बार. दोन रोटर, मिनिटाला ६००० फेऱ्या (पंख्याला त्या थेट झेपत नाहीत, मध्ये गिअरबॉक्स लागतो). म्हणजे सेकंदाला २०० दणके. शंभर तास उडालं तर सात कोटी वीस लाख. आपल्या फटीगच्या लॅबमध्ये एक कोटी सायकल झाल्या की आपण "एन्ड्युरन्स लिमिट" म्हणून वही मिटतो. आणि ती वही खोलीच्या तापमानाची. पाइप लालबुंद असताना स्टीलची ताकद नेहमीच्या ताकदीचा अगदी लहानसा हिस्सा उरते, आणि तेव्हा त्याच्यावर हे दणके बसतात.

दुसरं गणित. ६० सेंटीमीटर लांबीचा स्टेनलेसचा पाइप थंडीतून ८५० अंशांनी तापला तर तो जवळजवळ ९ मिलिमीटर वाढतो. एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला विमानाचा सांगाडा असा दोन्हीकडे घट्ट बांधला तर तो ९ मिलिमीटर कुठे जाणार? कुठेच नाही. वेल्डिंगच्या कडेला तडा जाणार. म्हणून जाणकार लोक पाइपात पाइप सरकेल असा सांधा ठेवतात, किंवा स्प्रिंगने दाबलेला गोलाकार बॉल जॉइंट. आणि सायलेन्सर नेहमी इंजिनालाच टांगतात, सांगाड्याला नाही, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि ते आपल्या नादात हलत असतं. हे एवढं साधं आहे की पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगितलं तरी पटेल. तरीही फुटणारे बरेचसे पाइप इथेच फुटतात. आपलं लक्ष असतं पाइपची जाडी वाढवण्याकडे. जाड केला की जड झाला, जड झाला की ब्रॅकेटवर ताण आला, आणि मग पाइपऐवजी ब्रॅकेट तुटतो. याला आमच्याकडे डोकं दुखतं म्हणून टोपी बदलणं म्हणतात.

धातूचं सांगायलाच हवं, कारण "स्टेनलेस लावलं, संपलं" हे वाक्य मी भल्या भल्या लोकांच्या तोंडी ऐकलंय. साधं लोखंड ९०० अंशांना पापुद्रे सोडत सोडत पातळ होत जातं, ते बादच. बाजारात सहज मिळतं ते ३०४ स्टेनलेस. ते गंजत नाही म्हणून आपण खूश. पण साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते बराच वेळ राहिलं, की त्यातला क्रोमियम कार्बनशी जोडी जमवून कणांच्या सीमेवर जाऊन बसतो. सीमेलगतच्या भागात क्रोमियम उरत नाही, आणि तडा नेमका त्या वाटेने जातो. वेल्डच्या शेजारी हे हमखास. ३२१ मध्ये टायटॅनियम घातलेलं असतं, कार्बन त्याच्याशी संसार थाटतो आणि क्रोमियम मोकळा राहतो. म्हणून विमानांच्या एक्झॉस्टला ३२१ पूर्वापार चालत आलं. रोटरीवाले त्याच्याही पुढे जाऊन निकेलच्या इन्कोनेल ६२५ वर पैसे टाकतात. महाग आहे, पण ते उगाच नाही टाकत.

आणि वेल्डिंग. बाहेरून नाण्यांच्या चळतीसारखा सुरेख बीड दिसतो, फोटो काढून स्टेटसला ठेवण्यासारखा. पण पाइपच्या आत आर्गॉन सोडला नसेल तर आतल्या बाजूने तोच सांधा जळून खरखरीत, काळा, भाजक्या साखरेसारखा होतो. तडा तिथून सुरू होतो. बाहेरून काही कळत नाही. आपल्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या मामांना मी हे विचारलं तर ते म्हणाले, "पोरा, सांधा बाहेरून बघायचा नसतो, आतून बघायचा असतो. पण तुम्हाला मार्क बाहेरून मिळतात." यावर मी आणखी काय बोलणार!

एवढं करून हा पाइप फुटलाच तर? मोटारीत आवाज वाढतो, आपण गॅरेजमध्ये जातो. विमानात ९०० अंशांचा झोत इंजिनाच्या झाकणाच्या आत मोकळा सुटतो. तिथेच पेट्रोलची रबरी नळी, तिथेच वायरिंग, आणि झाकण बहुतेकदा फायबरग्लासचं. साध्या एपॉक्सीचा भरवसा शंभर अंशांच्या आसपास संपायला लागतो. रोटरीला इंजेक्शन आणि इग्निशनसाठी वीज लागते, म्हणजे वायर जळली की इंजिन ठणठणीत असूनही बंद. पंखा मागे असलेल्या विमानांची, म्हणजे बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीसारख्या रचनांची, आणखी वेगळी कथा. तिथे सायलेन्सरचा सुटलेला तुकडा किंवा एखादा नटसुद्धा मागे जाऊन थेट पंख्यात शिरतो. रोटरीचे चाहते अभिमानाने सांगतात की हे इंजिन जाम होत नाही, एखादं सील गेलं तरी कमी ताकदीवर घरी आणतं. ते खरं असेल तर मी म्हणेन की मग इंजिनाची काळजी सोडा आणि त्याच्या भोवतीच्या गोष्टींची करा, कारण तुम्हाला खाली उतरवणार आहेत त्या या गोष्टी.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर साध्या विमानांतही आहे. अनेक छोट्या विमानांत केबिन गरम करायला एक्झॉस्टच्या पाइपभोवती पत्र्याचं आवरण घालून त्यातून हवा आत घेतात. पाइपला केसाएवढा तडा गेला की हीटरबरोबर हा वायू आत. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. वैमानिकाला आधी वाटतं झोप येतेय. पुढचं लिहीत नाही.

सायलेन्सर नकोच, असं एक मत आहे. आखूड पाइप काढा बाहेर, वजन वाचलं, ताकद वाढली. हॉस्टेलच्या मागच्या गेटवर रात्री साडेअकराला बुलेटचा सायलेन्सर काढून फिरणारे आपले बंधू याच पंथाचे. त्यांना माझी विनंती आहे की एकदा बिना सायलेन्सरच्या रोटरीशेजारी उभं राहून बघा. दार एकदम उघडतं म्हणून त्याचा आवाज नुसता मोठा नसतो, तो टोकदार असतो, कानात खिळा ठोकल्यासारखा. विमानतळाशेजारी राहणारी माणसं हे किती दिवस ऐकून घेणार? छोटी विमानतळं बंद पाडायला शेजाऱ्यांच्या तक्रारी पुरतात.

मग सायलेन्सर लावायचा तर कुठला? काचेच्या लोकरीने भरलेला लावला तर लोकर जळून आणि फुटून पाइपातून उडून जाते, उरतं रिकामं नळकांडं. आत आडव्या पडद्यांचा लावला तर पडदे तडकतात, आणि तडकलेला पडदा सरकून तोंड बंद करू शकतो. धूर बाहेर पडला नाही की ताकद गेली, तीही टेकऑफच्या वेळी, कारण तेव्हाच झोत सर्वांत जोरात असतो. शिवाय मागे दाब साठला की १३-बी मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट थोडा वेळ एकत्र उघडे असल्याने जळका वायू ताज्या मिश्रणात घुसतो. थोडक्यात, मोठा हवा, पोकळ हवा, आत सुटण्यासारखं कमीत कमी हवं. आणि मोठा म्हटलं की वजन आणि हवेचा विरोध दोन्ही आले. टर्बो लावा, टर्बाइन दणके मोडून आवाज कमी करतं, असाही एक मार्ग आहे आणि तो खोटा नाही. पण गाडीचा टर्बो तासभर लालबुंद ठेवायला बनवलेला नसतो, आणि एपेक्स सीलचा तुकडा उडाला तर पहिला तडाखा त्याच टर्बाइनला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लॉकहीडने क्यू-स्टार नावाचं एक प्रायोगिक विमान केलं होतं, ज्याचा सगळा हेतूच आवाज न करणं हा होता. व्हिएतनामच्या युद्धात रात्री टेहळणी करता यावी म्हणून हा खटाटोप चालला होता. त्यात कर्टिस-राइटचं वँकेल इंजिन बसवून उडवलं. म्हणजे रोटरी शांत करता येते. मात्र त्यासाठी पंखा हळू फिरवला आणि आवाज दाबणं हेच मुख्य काम मानून बाकीचं विमान त्याभोवती रचलं. घरच्या विमानात आपण उलटं करतो. पंखा बसतो, रंग होतो, सीटला कव्हर चढतं, आणि मग झाकणाच्या आत जी जागा उरेल तिच्यात सायलेन्सर कोंबायचा.

आता कोणी म्हणेल, माझदाने यावर उपाय काढला की! काढला. २००३ साली आरएक्स-८ बरोबर रेनेसिस इंजिन आलं. त्यात एक्झॉस्टचं तोंड कडेऐवजी बाजूच्या प्लेटमध्ये नेलं, दोन्ही दारं एकत्र उघडी राहण्याचा काळ काढून टाकला, आणि दार तुलनेने सावकाश उघडू लागलं. आवाज मवाळ झाला. पण मधल्या प्लेटमधलं तोंड दोन्ही रोटरना सामाईक, त्यामुळे मधला पाइप दोन भावांचा धूर एकटा सोसतो. दुखणं गेलं नाही, जागा बदलली. २०१२ नंतर आरएक्स-८ बनणंही थांबलं. २०२३ पासून माझदाने एमएक्स-३० मध्ये एक रोटर पुन्हा आणलाय, पण तो बॅटरी चार्ज करायला.

उलट जिथे रोटरी विमानात सुखाने नांदली ती उदाहरणं बघा. जर्मन एएसएच-२६ ई हे ग्लायडर. त्यात ५० हॉर्सपॉवरचं वँकेल इंजिन अंगातच बसलेलं असतं, फक्त पंखा दांड्यावरून बाहेर निघतो. वर जायला काही मिनिटं चालवायचं, मग बंद करून पंखा आत. एक्झॉस्टचं काम दहा-पंधरा मिनिटांचं. दुसरं उदाहरण आपल्या घरचं. निशांत या मानवविरहित विमानासाठी बंगळूरच्या संस्थांबरोबर आपल्या नगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने ५५ हॉर्सपॉवरच्या वर्गातलं देशी वँकेल इंजिन विकसित केलं, आणि २००९ साली कोलारजवळ त्यावर निशांत उडालं. नगरला झालेलं काम! आमच्या सेमिनारच्या एकाही स्लाइडवर मी ते पाहिलेलं नाही. सगळे जर्मनीतून थेट जपानला जातात, वाटेत नगर लागत नाही. मानवविरहित विमानात आत कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे हीटरमधून विषारी वायू येण्याची भानगड नाही. घरी बांधलेल्या विमानात बांधणारा स्वतः बसतो, आणि दुसऱ्या सीटवर बहुतेकदा त्याची बायको किंवा मुलगा.

म्हणून मला या हौशी लोकांबद्दल, सगळ्या तक्रारी धरूनही, आदर आहे. त्यांचा पाइप तडकला की ते तडकलेला पाइप टेबलावर ठेवतात. किती तास झाले होते, कुठला धातू, कुठे सांधा, कुठे ब्रॅकेट, सगळं आपल्या मासिकांत छापतात, मेळाव्यात दाखवतात. ऐकणारे हसत नाहीत, टिपून घेतात. आपल्या ब्लॅक बुकात हे पान कुठे असतं? मागच्या पाच-सहा वर्षांची ब्लॅक बुकं डिपार्टमेंटच्या लायब्ररीत बसून चाळली. "कन्क्लूजन" या मथळ्याखाली जवळपास प्रत्येकात एकच वाक्य: मॉडेल समाधानकारक चालले. अहो, एकही वेल्ड तुटला नाही? एकही बेअरिंग जाम झालं नाही? मग रात्री दोन वाजता वर्कशॉपचं कुलूप उघडून घ्यायला मामांच्या घरी कोण जातं? एक्स्टर्नलसमोर तुटलेलं दाखवलं तर मार्क जातील ही भीती मला कळते. पण मग हे मार्कांच्या पद्धतीचं दुखणं आहे, आणि ते सरांनी बरं करायचं आहे, आम्ही नाही. तुटलेल्या भागाच्या एका पानाला दहा मार्क ठेवा, पुढच्या वर्षीची ब्लॅक बुकं वाचनीय होतील की नाही बघा.

आणि विषयांचं म्हणाल तर प्रोजेक्टच्या यादीत "एरोप्लेन" म्हटलं की सगळे उठून बसतात, "सायलेन्सर" म्हटलं की सर विचारतात, एवढंच? चार जणांचं काम आहे का हे? तर मी हिशेब देतो. रोटरी इंजिन लागत नाही. एक जण ३०४ चे तुकडे घेईल, दुसरा ३२१ चे (पुण्या-मुंबईच्या बाजारात शोधलं की मिळतं). निम्मे सांधे आत आर्गॉन सोडून करायचे, निम्मे न सोडता. सगळे तुकडे भट्टीत घालून तापवायचे, काढून थंड करायचे, पुन्हा तापवायचे, शंभर वेळा, दोनशे वेळा. के-टाइप थर्मोकपल हजार अंशांपर्यंत आरामात वाचतं आणि ते आपल्याकडे आहे. मग कापून, घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली तडा कुठून सुरू झाला ते बघायचं. तिसरा सरकत्या सांध्याचे नमुने करून किती गळतं ते मोजेल, चौथा या सगळ्याचं वजन करून सांगेल की हलकं हलकं म्हणतात त्या इंजिनाचं वजन शेवटी किती भरलं. चार जणांना वर्षभर पुरेल, आणि हा आकडा आमच्या सेमिनारवाल्याला आयता मिळेल.

लागणारी मफल फर्नेस मेटलर्जी लॅबमध्ये खिडकीजवळ आहे. दुपारी तीननंतर ती रिकामी असते. किल्ली मामांकडे.